उसाच्या तालुक्यातला ग्रॅनोला

दिवाळी सरली की कोरेगाव तालुक्यातल्या रस्त्यांवर उसाचे राज्य सुरू होते. चिमणगावच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, त्यांच्यामागे दोन-दोन ट्रॉल्या, वळणावर निसटून डांबरावर पडलेली कांडी आणि ती उचलायला धावणारी पोरे. मी बँकेत होतो तेव्हा या दिवसांची आम्ही शेतकऱ्यांइतकीच वाट पाहायचो. उसाचे बिल जमा झाले की पीककर्जाची वसुली होई, रखडलेली लग्ने ठरत, अर्धवट राहिलेल्या घरांवर स्लॅब पडे. साताऱ्या-सांगलीच्या या पट्ट्यात साखर म्हणजे पैसा, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडे मात्र तोच शब्द घराघरांत वेगळ्या आवाजात ऐकू येतो. "साखर किती आली?" असे कोणी विचारले, तर तो कारखान्याच्या उताऱ्याची चौकशी करतो आहे की रक्ताच्या तपासणीची, हे चेहरा पाहून ओळखावे लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आमच्या घरी यातला एक आकडा आहे. माझ्या पत्नीला मधुमेह होऊन आता अकरा वर्षे झाली.

मधुमेह झालेल्या माणसाचे औषधाने फारसे बिघडत नाही. गोळ्या तो मुकाट्याने घेतो. त्याला लागते ते ताटातले वेगळेपण. "तुझा चहा वेगळा ठेवलाय हं," "आईला शिरा वाढू नका," "त्यांच्यासाठी आपण काहीतरी पथ्याचे करू." ही सगळी वाक्ये मायेचीच असतात, पण ती ऐकणारा माणूस भरल्या पंगतीत एकटा पडतो. लग्नाच्या घरी बुंदीचे ताट पुढे सरकते आणि आपल्यापाशी येऊन क्षणभर अडखळते, तो क्षण मी पत्नीच्या चेहऱ्यावर अनेकदा पाहिला आहे. त्यामुळे घरात कमी साखरेचा एखादा पदार्थ करायचा तर तो पथ्याचा म्हणून नव्हे, सगळ्यांनी एकाच बरणीतून घ्यावा असा करायचा, एवढे मी मनाशी धरले होते. तो पदार्थ ग्रॅनोला असेल असे मात्र वाटले नव्हते.

ग्रॅनोला हा शब्द आमच्या घरात सुनेबरोबर पुण्याहून आला. ओट्स, सुकामेवा आणि बिया गोडाच्या पाकात घोळवून भट्टीत खरपूस भाजायच्या, की तो झाला. दुधात किंवा दह्यात घालून सकाळी खायचा. आता तो आमच्या पेठेतल्या वाण्याकडेही बिस्किटे आणि शेवया यांच्यामध्ये उभा असतो. पाकिटावर गव्हाची लोंबी, डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि आरोग्याची ग्वाही. किंमत पाहून आमच्यासारख्यांना आधी स्वतःचेच आरोग्य सांभाळावेसे वाटते.

ताळेबंद वाचण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. आम्हाला शिकवले होते की ताळेबंदाचा दर्शनी भाग पाहू नका, तळटिपा वाचा. पाकिटाचेही तेच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकपदार्थांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे ज्याचे वजन सर्वांत जास्त, त्याचे नाव पहिले. मी पाहिलेल्या एका पाकिटावर पहिले नाव ओट्सचे होते, हे ठीकच. पण पुढे साखर, मग ग्लुकोज सिरप, मग मध, मग इन्व्हर्ट सिरप अशी मंडळी थोड्या थोड्या अंतराने बसली होती. एकाच घरातल्या चौघांनी चार नावांनी कर्ज काढावे आणि प्रत्येकाने "माझे तर किरकोळ आहे" म्हणावे, तसा हा प्रकार. बेरीज केली की थकबाकी कळते. ती बेरीज खालच्या पोषणतक्त्यात असते. शंभर ग्रॅममागे एकूण साखर बावीस ग्रॅम. शेजारी "एक वाढप ३० ग्रॅम" असे लिहिलेले. तीस ग्रॅम म्हणजे किती, हे मी तराजूवर ठेवून पाहिले. आमच्या नेहमीच्या वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला. माणूस वाटी भरूनच घेणार, म्हणजे साठ ग्रॅम तरी. त्यात साखर तेरा ग्रॅम, चहाचे तीन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर, मध आणि सिरप हे सगळे मिळून दिवसाला पन्नास ग्रॅमांच्या आत ठेवावे आणि जमल्यास पंचवीसच्या आसपास. आरोग्यासाठी म्हणून खाल्लेल्या एका वाटीने सकाळी आठ वाजताच त्या पंचविसातला जवळजवळ निम्मा भाग उचललेला असतो.

गंमत अशी की हा पदार्थ जन्मला तो एका आरोग्यधामात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉक्टर जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ साली कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचे पीठ भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक न्याहारी तयार केली. तिचे नाव ग्रॅन्युला. ती इतकी कडक होती की रात्रभर भिजत घातल्याशिवाय दाताला दाद देत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामाचे डॉक्टर जॉन हार्वे केलॉग यांनी तसाच पदार्थ ओट्स, मका आणि गहू वापरून केला आणि नावही तेच ठेवले. नावावरून तंटा झाला तेव्हा एक अक्षर बदलून ते ग्रॅनोला झाले. हे डॉक्टर मोठे कर्मठ. साखर त्यांना वर्ज्य. त्यांचा धाकटा भाऊ विल मात्र व्यवहारी होता. साखरेवाचून लोक खाणार नाहीत हे त्याने ओळखले, १९०६ साली कॉर्नफ्लेक्सची स्वतंत्र कंपनी काढली आणि त्यात साखर घातली. भावाभावांत जे वितुष्ट आले ते आयुष्यभर टिकले. भाऊबंदकीची मुळे बांधापाशीच असतात असे आपल्याला वाटते, ती साखरेच्या चमच्यापाशीही असू शकतात. ग्रॅनोला मध्यंतरी विसरला गेला, १९६० च्या दशकातल्या हिप्पी तरुणांनी तो पुन्हा वर काढला आणि मग कंपन्यांनी तो गोड करून पाकिटात भरला.

हे सगळे वाचून "आमच्याकडे हे पूर्वीपासून होतेच" असे म्हणायचा मोह होतो. होते, हे खरे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरोघरी फुटत. गहू आणि डाळ भाजून दळलेले सातूचे पीठ शिदोरीत असे. धान्य भाजले की टिकते, हलके होते, कुठेही नेता येते, हे डॅन्सव्हिलच्या डॉक्टरांच्या कितीतरी आधी आपल्या बायकांना ठाऊक होते. पण त्या सातूत मूठभर गूळ कालवला जायचा आणि तो खाणारा माणूस पाच कोस चालून जरंडेश्वराच्या पायथ्याशी नांगर धरायचा, हेही सांगितले पाहिजे. आपण स्कूटरवरून मंडईत जातो. तेव्हा पूर्वजांचा दाखला देताना त्यांच्या पायांचाही द्यावा.

घरी ग्रॅनोला करायचे ठरल्यावर मी आधी एकच प्रश्न धरून बसलो. यात साखर नेमके कोणते काम करते? गोडी आणते, हे उघड. पण ती आणखी दोन कामे करते. पाक होऊन दाणे एकमेकांना चिकटवते आणि भाजताना तांबूस रंग व कुरकुरीतपणा देते. बाजारातल्या ग्रॅनोलात साखर भरमसाट असते ती काही अंशी या चिकटपणासाठी. एकदा हे लक्षात आले की वाट मोकळी होते. चिकटवायला दुसरे काहीतरी शोधायचे, रंगासाठी मंद आच आणि थोडे तेल यांवर विसंबायचे आणि गोडीपुरतीच गोडी ठेवायची.

चिकटवण्याचे काम अंड्याचा पांढरा बलक उत्तम करतो. एका अंड्याचा बलक फेस येईपर्यंत फेटून मिश्रणात कालवला की छान ढेकळे धरतात आणि अंड्याची चव लागत नाही. ज्यांना अंडे चालत नाही त्यांच्यासाठी आपले जवस आहे. ते दळून दोन मोठे चमचे पूड सहा चमचे पाण्यात पंधरा मिनिटे ठेवली तर बुळबुळीत खळ तयार होते. परदेशी पाकिटांवर मोठ्या अक्षरांत मिरवणारे फ्लॅक्स सीड म्हणजे हेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो.

बाकी साहित्यातले बहुतेक आपल्या पंचक्रोशीतले. फक्त ओट्स बाहेरचे. आपल्याकडे ओट्स पिकतात ते मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठी. ते घ्यायचे तर जाड घ्यावेत, दोन मिनिटांत शिजणारा भुगा नको. ओट्समध्ये एक बुळबुळीत चोथा असतो, बीटा-ग्लुकन म्हणतात त्याला. तो पोटात खळीसारखा होतो आणि साखर रक्तात सावकाश जाते. दाणा जितका अखंड तितका हा गुण जास्त. त्याच कारणाने मी लाह्या बेतानेच घालतो. फुललेले धान्य पटकन पचते आणि पटकन पचणारे पटकन चढते. त्याऐवजी ज्वारीचे पोहे चांगले. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून ते सहज मिळू लागले आहेत.

तर प्रमाण असे. जाड ओट्स तीनशे ग्रॅम, ज्वारीचे पोहे पन्नास, शेंगदाणे पाऊणशे (भाजून, साले काढून, पाखडून, दोन-दोन फाका केलेले), बदामाचे काप पंचवीस, तीळ, जवस आणि लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया प्रत्येकी पंचवीस. घाण्याचे शेंगदाणा तेल तीन मोठे चमचे. किसलेला गूळ चाळीस ग्रॅम, दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून. पाव चमचा मीठ, ते विसरू नये, कारण थोड्या गोडाला उठाव तेच देते. दालचिनीची पूड, वेलदोडा आणि आमच्या तालुक्याची खूण म्हणून अर्धा चमचा सुंठ. कोरेगावच्या काळ्या रानातल्या आल्याची सुंठ घशात जरा रेंगाळते, साखर कमी आहे याचा विसर पाडायला तिची मदत होते. आणि शेवटी सांगलीकडचे बेदाणे पन्नास ग्रॅम. तासगावचा नातेवाईक असेल तर विकत घ्यावे लागत नाहीत.

सगळे कोरडे साहित्य परातीत एकत्र करावे, बेदाणे सोडून. तेल, गुळाचे पाणी आणि बलक किंवा खळ एकजीव करून त्यावर ओतावे आणि हातानेच चोळावे, पोह्यांना तेल-तिखट चोळतो तसे. ताटलीत पसरून तळव्याने दाबून बसवावे. भट्टीची आच दीडशे अंशांवर, वेळ अर्धा तास ते पस्तीस मिनिटे. मध्ये एकदा कडेचे आत आणि आतले कडेला करावे, कारण कडा आधी तांबूस होतात. फार ढवळले तर ढेकळे मोडतात. बाहेर काढल्यावर ते मऊच लागते आणि नवख्याला वाटते की कच्चे राहिले, म्हणून तो पुन्हा आत सरकवतो आणि जाळतो. तसे करू नये. ग्रॅनोला कुरकुरीत होतो तो निवताना. पूर्ण गार झाल्यावर हाताने मोडावा आणि मग बेदाणे मिसळावेत. बेदाणे भट्टीत घातले तर फुगून, करपून कडू होतात.

भट्टी नसेल तर कढई आहेच. तिच्यात ढेकळे होत नाहीत, मोकळा होतो, पण खमंग जास्त लागतो असे माझे मत. शेंगदाणे भाजून बाजूला, मग बिया, जवस तडतडू लागले की लगेच उतरवायचे, तीळ सर्वांत शेवटी कारण त्यांना पळभरच पुरतो. मग तेलावर ओट्स आणि पोहे अगदी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे परतायचे. इथे हात थांबता कामा नये. वर्तमानपत्र वाचत हे काम होत नाही. ओट्सला रंग आला की गुळाचे पाणी शिंपडून आणखी पाच मिनिटे, पाणी उडेपर्यंत. मग बाकीचे सगळे घालून परातीत पसरायचे. कढईच्या ग्रॅनोलाला बलक किंवा खळ लागत नाही.

आता हिशेब. हे सगळे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. चाळीस ग्रॅम गुळात साखर साधारण पस्तीस ग्रॅम. चाळीस-चाळीस ग्रॅमची सोळा वाढपे धरली तर प्रत्येक वाट्याला गुळाची साखर दोन ग्रॅमांहून थोडी जास्त, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. बेदाण्यांची तेवढीच आणखी. पत्नीसाठी काय करायचे? तेच. बेदाणे तिने वाटीतून बाजूला काढायचे की खायचे, हा तिचा प्रश्न.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगायला हव्यात, कारण त्या पाकिटावर कोणी सांगत नाही. कमी साखरेचा म्हणजे कमी उष्मांकाचा नव्हे. दाणे, बिया आणि तेल यांच्यामुळे घरच्या ग्रॅनोलाच्या चाळीस ग्रॅमांतही एका मध्यम भाकरीइतकी शक्ती असते. तो भाकरीच्या जागी खायचा, भाकरी खाऊन वर नाही. दुसरे म्हणजे ओट्स हे शेवटी धान्यच. त्यातल्या पिठाचीही पोटात साखरच होते, फक्त सावकाश. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने न्याहारी बदलली तर डॉक्टरांना सांगावे आणि दोन-चार दिवस खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून पाहावी. आपले शरीर आपला हिशेब स्वतंत्र ठेवते.

गुळाविषयी आमच्या भागात वाद घालणे म्हणजे धाडस. शेजारचे नाना एकदा माझी परात पाहून ओट्यावर टेकले.

"साहेब, एवढासा गूळ? आवं, साखर नगं तर गूळ घाला की चांगला मूठभर. गुळानं काय हुतंय? आमचा म्हातारा रोज खडा खायचा, पंच्याऐंशी वर्सं जगला."

"नाना, तुमचे वडील दिवसभर मोटेवर असायचे."

"ते बी खरंच हाय म्हना." मग जरा थांबून, "मला बी आता गोळी चालू केलीया. घरात सांगितलं न्हाई अजून."

मी हातातले काम थांबवले. घरात का सांगितले नाही, ते त्यांनी नंतर सांगितले. सांगितले की सून वेगळे ताट करील. ज्याने सारा जन्म ऊस पिकवला, पंचवीस गुऱ्हाळे पाहिली, दारी आलेल्याला गुळाचा खडा आणि पाणी दिल्याशिवाय सोडले नाही, त्याला आपल्याच घरी बिनगोडाचा चहा मागायची लाज वाटत होती.

गूळ, मध, खजूर, नारळाची साखर यांना बाजार हल्ली 'नैसर्गिक' म्हणतो. गुळात लोह आणि क्षार थोडे असतात, मधाला सुगंध असतो. आमच्याच जिल्ह्यातले महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, त्याचा अभिमानही आहे. पण रक्ताला हे मानापमान कळत नाहीत. गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो आणि मधातही पाऊण हिस्सा साखर. मी गूळ घालतो तो चवीसाठी आणि मोजून. मूठ हे माप मधुमेहाच्या घरात चालत नाही, तराजू लागतो. छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता फार महाग राहिलेला नाही.

काही जण मला विचारतात की उसावर कर्जे वाटण्यात उमेद गेली आणि आता साखरेविरुद्ध लिहिता? मी साखरेविरुद्ध लिहीत नाही. माझ्या वाटीतला अडीच चमच्यांचा फरक चिमणगावच्या धुराड्याला कळणारही नाही, आणि कारखाने आता साखरेबरोबर इथेनॉलही करू लागले आहेत. पिकवणाऱ्याने आपलेच पीक पोटभर खाल्ले पाहिजे असा नियम नाही. आमच्याकडचे तंबाखू पिकवणारे कितीतरी शेतकरी माळकरी होते.

ग्रॅनोला हवाबंद बरणीत तीन आठवडे सहज राहतो. पावसाळ्यात सादळतो, तेव्हा निम्म्या प्रमाणात करावा किंवा कढईत पुन्हा पाच मिनिटे गरम करून घ्यावा. जवसाची पूड करून ठेवू नये, ती लवकर खवट होते. लागेल तेव्हाच दळावी. खाताना घट्ट दही घ्यावे, घरी लावलेले. बाजारच्या फळांच्या स्वादाच्या दह्यात पुन्हा साखर असते. वरून थोडा पेरू किंवा डाळिंबाचे दाणे. दूध घेतले तर लगेच खावे, दहा मिनिटांत त्याची खीर होते. ती पत्नीला आवडते, मला नाही.

नानांना मी एक बरणी दिली. पथ्याची म्हणून नव्हे, साहेबांनी काहीतरी नवीन केले आहे म्हणून. आठवड्याने त्यांची सून रिकामी बरणी परत घेऊन आली. "काका, पोरांनीच संपवला. मामांना दोनच दिवस मिळाला. कसा करायचा ते लिहून द्या." मी वजनासकट लिहून दिले. तिने कागद वाचला आणि विचारले, "गूळ एवढाच? चाळीसच ग्रॅम?" मी म्हटले, एवढाच. ती म्हणाली, मग तिखटमीठ, कढीपत्ता आणि थोडे मेतकूट घालून गुळाशिवायच करून पाहते. केला तिने. आता बुधवारी आमच्याकडून त्यांच्याकडे गोड बरणी जाते आणि त्यांच्याकडून आमच्याकडे तिखट येते. तिखटाला नाना ग्रॅनोला म्हणायला तयार नाहीत. त्यांच्या मते तो चिवडा आहे, आणि मला ते खोडून काढता आलेले नाही.